वास लपतो, धूर लपत नाही

घरात कोणी गांजा ओढत असेल तर पहिली धडपड होते ती वास झाकण्याची. उदबत्ती लागते, फवारे उडतात, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला जातो. या उपायांनी नक्की काय साधते? धुराचे काय होते? आणि घरातल्या बाकीच्यांचे काय?

चेन्नईच्या मांबलम स्टेशनवर उतरून पूर्वेला वळलात तर रंगनाथन रस्त्यावरची खरेदीची झुंबड लागते. पश्चिमेला वळलात की दुसरेच जग सुरू होते. हे वेस्ट मांबलम. कोदंडराम मंदिर, काशी विश्वनाथ मंदिर, आर्य गौडा रस्त्यावरचे अयोध्या मंडपम्, पूजासाहित्याची दुकाने, फिल्टर कॉफीची पूड दळून देणाऱ्या गिरण्या. लेक व्ह्यू रोड नावाचा रस्ता आहे, पण तळे मात्र कुठे दिसत नाही. १९२० च्या दशकात त्यागरायनगर वसवताना इथला मोठा तलाव बुजवला गेला आणि मागे राहिले ते फक्त नाव. आणि हो, मांबलमचे डास. त्यांची ख्याती तलावापेक्षा जास्त टिकली.

अशा वस्तीत वास हा सार्वजनिक मामला असतो. पहाटे कोणाकडे कॉफी उकळते आहे, शुक्रवारी कोणाकडे न्हाणे झाल्यावर केसांना साम्ब्राणीचा धूप दिला जातो आहे, संध्याकाळी कोणी डासांची कॉइल लावली आहे, हे शेजारणीला न विचारता कळते. जुन्या घरांना मधे मोकळा चौक होता. धूर वर जाई आणि आकाशात विरून जाई. आता त्या जागी तीन-चार मजली इमारती उभ्या आहेत. चौक गेला आणि त्याच्या जागी आला तो डक्ट. चार घरांची न्हाणीघरे ज्या अरुंद पोकळीत उघडतात तो.

दादरचे, डोंबिवलीचे किंवा पुण्याच्या पेठांतले वाचकही हे चित्र लगेच ओळखतील. अशा एखाद्या घराची कल्पना करा. आजी दम्याची रुग्ण, सुनेच्या कडेवर वर्षाचे बाळ आणि कॉलेजात जाणारा धाकटा मुलगा. रात्री अकरानंतर तो न्हाणीघरात जातो, एक्झॉस्ट पंखा लावतो, पाऊण तासाने बाहेर येतो. मागोमाग मोगऱ्याच्या फवाऱ्याचा उग्र दर्प. आईला काहीतरी वेगळे जाणवते, पण बोलायला धीर होत नाही. वरच्या मजल्यावरच्या मामी मात्र दुसऱ्या दिवशी जिन्यात विचारतात, "रात्री काही जळत होते का हो तुमच्याकडे?"

हे चित्र काल्पनिक आहे, पण दुर्मीळ नाही. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, आधीच्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काही ना काही घेतलेल्यांची संख्या सुमारे ३ कोटी १० लाख होती. त्यांपैकी साधारण १ कोटी ३० लाख लोक गांजा-चरस घेणारे. कोटीच्या घरात गेलेली गोष्ट फक्त "त्या तसल्या" वस्तीत राहत नाही, ती आपल्या जिन्यातही येते.

वासाचे मूळ कुठे?

गांजा म्हणजे त्या झाडाचे मादी तुरे. त्यांवर चिकट राळेचे बारीक बिंदू असतात. नशा आणणारे द्रव्य त्यातच आणि वासही त्यातच. हा वास एका पदार्थाचा नसून अनेक सुगंधी तेलांचे मिश्रण आहे. गंमत अशी, की त्यातली बरीचशी तेले आपल्या स्वयंपाकघरातलीच. मिर्सीन हे आंब्यात असते, लिमोनीन लिंबा-संत्र्याच्या सालीत, कॅरिओफिलीन मिरी आणि लवंगेत. मग गांजाच्या पुडीला असा नाकात घुसणारा दर्प का येतो? २०२१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याचे उत्तर दिले. त्या झाडात गंधकयुक्त संयुगांचा एक गट अगदी अल्प प्रमाणात असतो आणि रचनेने ही संयुगे लसणाच्या वासाच्या द्रव्यांची भाऊबंद आहेत. गंधकाचा वास माणसाच्या नाकाला अत्यल्प प्रमाणातही टिपता येतो. म्हणूनच कपाटात ठेवलेली चिमूटभर पुडीसुद्धा कपाट उघडताच बोलते.

हा झाला न जळलेल्या गांजाचा वास. पेटवल्यावर मामला बदलतो. राळ, पाने, कागद आणि आपल्याकडे बहुतेक वेळा त्यात मिसळलेली तंबाखू, हे सारे एकत्र जळते. त्यातून वाफा निघतात आणि डांबरासारख्या चिकट पदार्थाचे अतिशय बारीक कण निघतात. वाफा हवेबरोबर जातात. चिकट कण मात्र पडद्यावर, गादीवर, केसांवर, भिंतीच्या रंगावर बसतात आणि तिथून पुढे कित्येक दिवस हळूहळू वास सोडत राहतात. खिडकी उघडून खोली "स्वच्छ" झाली तरी सकाळी उशीला वास येतो तो यामुळे.

आणखी एक गोष्ट. ओढणाऱ्याला स्वतःला हा वास येत नाही. नाक कोणत्याही वासाला काही मिनिटांत सरावते. हिंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्याला हिंग जाणवत नाही, तसेच हे. "मला तर काहीच वास येत नाही," असे तो म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत असेलच असे नाही.

उदबत्ती, फवारा आणि टॉवेल

आता घरगुती उपायांकडे वळू. यातला सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे उदबत्ती किंवा धूप. वासावर वास चढवायचा. पण नाकाची फसवणूक झाली तरी फुप्फुसाची होत नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजमाप झाले होते. एक ग्रॅम उदबत्ती जळताना सुमारे ४५ मिलिग्रॅम कण हवेत सुटतात, तर एक ग्रॅम सिगारेट जळताना सुमारे १०. देवापुढच्या एका उदबत्तीने कोणी आजारी पडत नाही, हे खरे. पण बंद खोलीतल्या धुरात आणखी धूर मिसळणे हा उपाय म्हणता येत नाही, ती भर आहे. डासांच्या कॉइलची गोष्ट तर याहून गंभीर. २००३ च्या एका अभ्यासाप्रमाणे एक कॉइल जळून संपेपर्यंत जेवढे सूक्ष्म कण सोडते, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतात. मांबलममधल्या बंद खोलीत एका कोपऱ्यात कॉइल, दुसऱ्यात धूप आणि मधे गांजा, असे असेल तर त्या खोलीत झोपणाऱ्याची कीव करावी.

रूम फ्रेशनर हवेतले काही काढत नाही. तो फक्त आणखी एक वास घालतो. मेणबत्तीचेही तेच. वाटीभर खाण्याचा सोडा किंवा कॉफीची पूड ठेवल्याने फ्रिजसारख्या लहान बंद जागेतला वास थोडा कमी होतो. खोलीभर धुरापुढे ती वाटी म्हणजे समुद्रात चमचा.

एअर कंडिशनर लावला की हवा बदलते, असा अनेकांचा समज असतो. घरातला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही. खोलीतलीच हवा थंड करून तो पुन्हा पुन्हा फिरवतो. म्हणजे धूर थंड होतो, जात नाही. उलट एसीसाठी खिडक्या घट्ट लावलेल्या असतात आणि चिकट कण एसीच्या जाळीत बसतात. पुढच्या वेळी एसी सुरू केला की जुना वास पहिल्यांदा हजर.

दाराखाली टॉवेल कोंबण्याने वास बैठकीत यायला थोडा उशीर होतो, एवढेच. पण आतल्या माणसाभोवती धूर दाटतो. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी एक तुलना प्रसिद्ध केली होती. एक सिगारेट आणि एक गांजाची विडी ओढणाऱ्यांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड किती चढतो ते त्यांनी मोजले. गांजाच्या बाबतीत ती वाढ जवळजवळ पाचपट निघाली आणि फुप्फुसात ओढल्या गेलेल्या डांबराचे प्रमाण सुमारे तिप्पट. कारण गांजा ओढणारा झुरका खोल घेतो आणि आत रोखून धरतो. अशा माणसाला बंद न्हाणीघरात कोंडणे हे त्याच्याच जिवावर उठण्यासारखे.

चिलमीच्या तळाशी ओली "साफी" गुंडाळण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. नव्या पिढीत पाण्याचे भांडे असलेली नळी आली. दोन्हींमागची समजूत एकच, की पाण्याने धूर "गाळला" जातो. पाण्याने धूर थंड होतो आणि घशाला कमी टोचतो. पण बारीक कण बुडबुड्यांतून सहज निसटतात आणि कार्बन मोनॉक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही. घशाला मऊ वाटते म्हणून झुरका उलट अधिक खोल जातो.

यंत्रांबद्दलही दोन शब्द. हेपा गाळणीचा एअर प्युरिफायर तरंगते कण खरोखरच पकडतो. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणे हाच त्या गाळणीचा निकष. पण वाफा आणि वायू तिच्यातून आरपार जातात. वासासाठी सक्रिय कोळशाचा जाड थर लागतो आणि तोही काही काळाने भरून निरुपयोगी होतो. कार्बन मोनॉक्साइड तर दोन्हींतून सुटतो. ओझोन सोडणारी यंत्रे मात्र घरात आणूच नयेत. ओझोन फुप्फुसांना जाळतो आणि दमेकऱ्यासाठी तो थेट धोका आहे.

वारा हा उपाय, पण अर्धा

मग खरोखर उपयोगी पडते ते काय? आजीबाईंच्या काळापासून ठाऊक असलेले, म्हणजे समोरासमोरच्या खिडक्या उघडणे.

याचे गणित सोपे आहे. खोलीतली हवा तासाला एकदा बदलत असेल, तर तासाभराने मूळ धुरापैकी सुमारे ३७ टक्के शिल्लक राहतो. शंभरातले पाच उरायला तीन तास लागतात. खिडक्या-दारे बंद असलेल्या फ्लॅटमध्ये हवा याहूनही हळू बदलते. समोरासमोर खिडक्या उघडून वारा खेळता केला आणि हवा तासाला दहा वेळा बदलू लागली, तर तेच काम अठरा-वीस मिनिटांत होते. चेन्नईत दुपारनंतर समुद्रावरून पूर्वेचा वारा सुटतो. पूर्वेची खिडकी आणि पश्चिमेचा दरवाजा उघडा असलेले घर त्या वेळी आपोआप धुऊन निघते. एकच खिडकी उघडली तर हवा आत यायला वाट नसल्यामुळे बाहेरही जात नाही. एक्झॉस्ट पंख्याचेही तसेच. दार घट्ट लावून, फट बुजवून लावलेला पंखा नुसता घरघरतो. त्याला ओढायला हवाच मिळत नाही.

आणि तो पंखा हवा कुठे फेकतो? डक्टमध्ये. डक्ट म्हणजे उभी चिमणीच. तळाची उबदार हवा वर चढते आणि वाटेत वरच्या प्रत्येक मजल्यावरचे उघडे तावदान तिचे स्वागत करते. वरच्या मामींचा प्रश्न असा उगवतो. आपल्या घरातून गेलेला धूर जगातून जात नाही, तो शेजाऱ्याच्या घरात जातो.

वारा हा अर्धाच उपाय म्हटला तो याच कारणाने. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने तंबाखूच्या बाबतीत स्पष्ट सांगितले, की दुसऱ्याच्या धुराची निर्धोक अशी कोणतीही मात्रा नाही आणि धूम्रपान करणाऱ्यांना वेगळे बसवून, हवा शुद्ध करून किंवा खेळती ठेवून तो धोका पूर्ण टळत नाही. तो टळतो फक्त घरात काहीच न पेटवल्याने. धूर कशाचा आहे हे फुप्फुस विचारत नाही.

ज्यांनी ओढला नाही त्यांचे काय?

आपल्याकडे तंबाखूच्या धुराविषयी बरीच जागृती झाली. १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला बेकायदा ठरवले. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००१ मध्ये देशभरासाठी बंदीचा आदेश मिळाला. २ ऑक्टोबर २००८ पासून ही बंदी नव्या नियमांनुसार अमलात आली. पण घराच्या उंबरठ्याशी हे नियम थांबतात. आणि गांजाचा धूर "नैसर्गिक", "झाडपाल्याचा" म्हणून निरुपद्रवी, असा एक समज तरुणांमध्ये आहे.

मोजमापे वेगळे सांगतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात घराच्या बैठकीत पाण्याच्या नळीने गांजा ओढला जात असताना हवा तपासली गेली. सूक्ष्म कणांचे प्रमाण सिगारेटच्या धुराच्या सुमारे चौपट आढळले. २०१६ मधल्या प्रयोगात उंदरांना फक्त एक मिनिट गांजाच्या धुरात ठेवले, तर त्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरणक्षमता निदान दीड तास मंदावलेली राहिली. तंबाखूच्या धुरानंतर ती अर्ध्या तासात पूर्ववत झाली होती. माणसांवरचा एक अभ्यास जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. न ओढणाऱ्यांना ओढणाऱ्यांबरोबर बंद खोलीत तासभर बसवले. त्यांच्या रक्तात आणि लघवीत नशेचे द्रव्य सापडले, काहींना किंचित गुंगीही जाणवली. खोलीत हवा खेळती ठेवून तोच प्रयोग केला तेव्हा हा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला.

आता आपल्या काल्पनिक घरातल्या माणसांकडे परत पाहा. वर्षाच्या बाळाचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद असतो. ते जमिनीवर रांगते, म्हणजे जिथे कण बसतात तिथेच. हात तोंडात घालते. दम्याच्या आजीची श्वासनलिका थोड्याशा धुरानेही आवळते. घरात गर्भवती असेल तर कार्बन मोनॉक्साइडमुळे पोटातल्या बाळाचा प्राणवायू कमी होतो. यांपैकी कोणीही झुरका घेतलेला नाही.

स्वतः ओढणाऱ्याचे काय? समतोल राखून सांगायचे तर फुप्फुसाच्या कर्करोगाशी गांजाचे नाते तंबाखूइतके पक्के सिद्ध झालेले नाही. जुनाट खोकला आणि कफ यांच्याशी मात्र ते आहे. शिवाय आपल्याकडे गांजात तंबाखू मिसळण्याची रीत असल्याने तंबाखूचे सारे दोष आपोआप पदरात पडतात. पण मोठी चिंता फुप्फुसाची नसून मनाची आहे. स्वीडनमध्ये लष्करात भरती झालेल्या पंचेचाळीस हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला गेला. १९८७ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांनी पन्नासपेक्षा अधिक वेळा गांजा घेतला होता, त्यांच्यात छिन्नमनस्कतेचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट होते. सगळ्यांनाच हा आजार होतो असे नाही, बहुतेकांना होत नाही. पण ज्याच्या घराण्यात हा आजार आहे आणि जो विशीच्या आत सुरुवात करतो, त्याने हा जुगार खेळू नये, असे मनोविकारतज्ज्ञ आवर्जून सांगतात.

कायदा दारापर्यंत आला तर

"आमच्या घरात आम्ही काहीही करू," हे गांजाच्या बाबतीत खरे नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार, म्हणजे एनडीपीएस कायद्यानुसार, फुलोऱ्यावर आलेले तुरे म्हणजे गांजा. तुऱ्यांशिवायची नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. गांजा जवळ बाळगणे गुन्हा आहे, मग तो चिमूटभर का असेना. एक किलोपर्यंतची मात्रा "अल्प" समजली जाते. तीसाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसत्या सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हौसेने गच्चीवरच्या कुंडीत एक रोप लावले, तर ती "लागवड" होते आणि तिला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आई-वडिलांनी लक्षात ठेवावे असे कलम म्हणजे २५. घराचा मालक किंवा ताबेदार जाणूनबुजून आपल्या घरात दुसऱ्याला असा गुन्हा करू देत असेल, तर त्या गुन्ह्याची शिक्षा त्यालाही लागू होते. म्हणजे सारे कळत असूनही मुलासाठी पंखा लावून, उदबत्ती पेटवून देणाऱ्या आईची माया तिला कायद्याच्या अडचणीत आणू शकते. तमिळनाडू पोलिसांनी अलीकडच्या वर्षांत "गांजा वेट्टै", म्हणजे गांजाची शिकार, या नावाने मोहिमा काढल्या. आंध्र-ओडिशा सीमेवरून येणारा माल हे त्यांचे मुख्य लक्ष्य. पण जाळे टाकले की लहान मासेही लागतात.

२०२० च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले आणि भारतानेही त्या बाजूने मत दिले. "आता कायदा सैल झाला," अशी बातमी तेव्हा पसरली. आपल्या देशातला कायदा मात्र बदललेला नाही. कोणाला वैद्यकीय कारणाने या वनस्पतीचा उपयोग करायचा असेल, तर आयुर्वेदात "विजया" या नावाने तिची परवानाप्राप्त औषधे आहेत. ती वैद्याच्या चिठ्ठीने तोंडावाटे घ्यायची असतात. त्यांना धूर नाही.

याच कायद्यात एक उघडी खिडकीही आहे. कलम ६४-अ. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला गेला आणि त्याने ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. या सवलतीची माहिती फार थोड्या घरांना असते.

वास आला, आता काय?

सर्वांत आधी, खात्री करा. जळालेला पालापाचोळा, एखादी वनौषधी विडी, शेजारचा धूप, यांचे वासही फसवे असतात. नुसत्या वासावरून मुलावर आरोप करू नका. वासाबरोबर डोळे लाल, अवेळी भूक, अभ्यासात घसरण, पैशांचा हिशेब न लागणे, जुने मित्र सुटणे, असे बरेच एकत्र दिसले तर बोला. लघवीच्या तपासणीचा धाक घालू नका. नियमित घेणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश कित्येक आठवडे राहू शकतात, त्यामुळे "आज घेतला का" हे ती सांगत नाही. विश्वास मात्र एका दिवसात तुटतो.

बोलायचे ते तो नशेत नसताना आणि चारचौघांत नव्हे. "घराण्याचे नाव घालवलेस" या वाक्याने संवाद सुरू झाला की तिथेच संपतो. त्याऐवजी सरळ बोलावे. "तुझ्या खोलीतल्या धुराने आजीचा दमा वाढतो आहे, बाळाला खोकला लागतो आहे. या घरात काहीच पेटवायचे नाही. आणि तुला हे सोडायचे असेल तर आम्ही तुझ्याबरोबर आहोत." यात नियम आहे, कारण आहे आणि आधारही आहे. घरातल्या सिगारेट ओढणाऱ्या वडिलांनी त्याच दिवशी स्वतःचे पाकीट घराबाहेर ठेवले, तर या बोलण्याला वजन येते.

गांजा घेणाऱ्यांपैकी दहातल्या साधारण एकाला त्याचे व्यसन जडते. किशोरवयात सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण अधिक, सहात एक. रोज घेणाऱ्याने एकदम थांबवले की एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते, झोप उडते, भूक मरते. पहिल्या आठवड्यात हे जास्तीत जास्त असते आणि दोन आठवड्यांत बहुधा ओसरते. हे दिवस घरच्यांनी ओळखले पाहिजेत. "सोडल्यावर हा जास्तच बिघडला" असे वाटून अनेक घरे नेमक्या याच वेळी हात टेकतात.

मदतीची दारे खुली आहेत. चेन्नईत इंदिरानगरला टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन १९८० पासून व्यसनमुक्तीचे काम करते. आपल्या पतीच्या व्यसनाचे चटके सोसलेल्या शांती रंगनाथन यांनी ते उभे केले आणि १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मनाच्या गंभीर आजारासाठी डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेली स्कार्फ ही संस्था आहे. महाराष्ट्रात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण सर्वांना ठाऊक आहे. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांसाठी ते सुरू झाले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. या संस्थांच्या कामाचा एक धडा समान आहे. रुग्ण एकटा आजारी नसतो, घर आजारी असते. म्हणूनच त्या घरच्यांनाही बोलावतात.

थोडक्यात, जपून ठेवावे असे

* घरात, गच्चीत, जिन्यात, डक्टच्या खिडकीशी काहीच पेटवू न देणे हा एकमेव पक्का उपाय.
* धूर झालाच असेल तर उदबत्ती लावू नका. समोरासमोरच्या खिडक्या निदान अर्धा तास उघड्या ठेवा. बाळाला आणि दमेकऱ्याला आधी दुसरीकडे न्या.
* पडदे, उशांचे अभ्रे, चादरी धुऊन उन्हात घाला. फरशी आणि लाकडी सामान साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. एसीची जाळी धुवा.
* डासांसाठी कॉइलऐवजी मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळी.
* उरलेली पुडी, थोटके मुलांच्या हाती लागू देऊ नका. लहान मुलाने गिळले आणि ते सुस्त झाले तर लपवाछपवी न करता लगेच रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना खरे सांगा.
* व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६.

वास झाकण्याच्या खटपटीत घरातले सगळे हळूहळू सामील होतात. आई फवारा आणते, वडील जिन्यात विषय टाळतात, ताई शेजारणीला कारण सांगते. महिनोन्महिने घराची शक्ती एका मोगऱ्याच्या डबीवर खर्च होते. तीच शक्ती एका सरळ प्रश्नावर खर्च केली तर? पहिली खिडकी तिथेच उघडते. बाकीच्या खिडक्या मग उघडायला हलक्या जातात.